गोरखचे कुरण

ता. ४ फेब्रुवारी १९४६, सोमवार

अखेर मुक्कामाला पोहोचलो. नगरहून सर्व्हिस मोटारीने तिसगाव, आणि तिथून सावरखोऱ्यापर्यंत पाच मैल बैलगाडी. सामानात दोन ट्रंका, दोन वळकट्या, स्टोव्ह आणि प्रेमलाचा पाटा-वरवंटा. हा पाटा तिने लग्नात संगमनेरहून आणला आहे. तो सोडून ती कुठे जात नाही. तो उचलताना गाडीवानाने विचारले, आमच्या गावात दगड मिळत नाहीत असे कुणी सांगितले का. प्रेमला हसली. बदली मागून घेतली ते बरे केले असे मला वाटले.

चौकी गावापासून अर्ध्या मैलावर, टेकाडाच्या पोटाशी आहे. दोन दगडी खोल्या, वर पत्रा, पुढे पडवी. पडवीतून सरकारी कुरण थेट गर्भगिरीच्या पायथ्यापर्यंत दिसते. गुडघाभर पिवळे गवत, मधूनच एखादा हिवर, एखादी बाभूळ. वारा सुटला की सगळे कुरण एका अंगाला झुकते. प्रेमला बराच वेळ पडवीच्या खांबाला टेकून बघत होती. चहा निवला तरी आत आली नाही.

निघताना रेंजरसाहेबांनी हुकूम हातात दिला आहे. लढाईच्या वर्षांत इथे काळविटांची शिकार फार बोकाळली. लोक मोटारी घेऊन येतात आणि दिसेल ते मारतात. आता कायदा नीट चालवायचा. मादी आणि पाडस कधीच मारायचे नाही. नर परवान्याशिवाय नाही. आणि एक मार्चपासून पावसाळा सरेपर्यंत परवाना असला तरी नाही. ही नोटीस गावोगाव लावायची आणि मोडणाऱ्यावर गुन्हा दाखल करायचा. आजवर इथे साधा गार्ड असे. फॉरेस्टर प्रथमच नेमला आहे, आणि तो मी: नृसिंह वामन निसळ, वय एकोणतीस, मॅट्रिक. हे लिहिताना छाती थोडी फुगली. फुगू दिली.

ता. ७ फेब्रुवारी

आज चावडीवर नोटीस लावली. पाटील सहादेव पालवे साठीचे आहेत, शांत, बोलताना समोरच्याकडे न बघता डोंगराकडे बघतात. मी त्यांना नोटीस मोठ्याने वाचून दाखवली. त्यांनी सगळी ऐकली आणि म्हणाले, "हे तर आमाला ठावं हाय. गोरखनं सतरा वर्सं हेच सांगितलं."

मी म्हणालो, गोरखने नव्हे, सरकारने.

"व्हय," ते म्हणाले, "सरकारनंबी सांगितलं आसंल."

हा गोरख म्हणजे माझ्या आधीचा गार्ड, गोरक्षनाथ. याच गावचा, चौथी शिकलेला, लग्न न केलेला. सतरा वर्षे या चौकीत राहिला. गेल्या ज्येष्ठात कुणीतरी डोंगराच्या सोंडेवरून काळविटावर गोळी झाडली. गोरख मध्ये होता. तीन दिवस तो सापडला नाही. सापडला तेव्हा कळप त्याच्याभोवती उभा होता आणि एकही गिधाड खाली उतरलेले नव्हते, असे पाटील सांगतात. गोळी कुणी झाडली ते कळले नाही.

त्याची आई आक्काबाई चौकीवर पाणी भरते. वाकलेली, पण हंडा घेतला की ताठ होते. पहिल्याच दिवशी तिने सारे घर झाडले आणि जाताना उंबऱ्याबाहेर थांबून आत बघत राहिली, जणू कुणाला सांगून निघायचे आहे.

ता. १३ फेब्रुवारी

कुरण पुरते पालथे घातले. कळप मोठा आहे, सत्तर-ऐंशी तरी असतील. त्यांत एक म्हातारा नर आहे, पाठ काळी कुळकुळीत, पोट पांढरे, शिंगांना चार पीळ. गावात त्याला ‘कारभारी’ म्हणतात. मी जवळ जाण्याचा प्रयत्न केला. पाचशे पावलांवरून कळपाने माना वर केल्या आणि बघता बघता सगळे गेले. हरणे उड्या मारत पळतात तेव्हा दृश्य सुंदर असते. पण ती आपल्यापासून पळत असली की तितके सुंदर वाटत नाही.

मी त्यांचा राखणदार आहे हे त्यांना कसे कळणार, असे घरी येऊन प्रेमलाला म्हणालो. ती म्हणाली, कळेल हळूहळू. आक्काबाई पाणी ओतता ओतता म्हणाली, "गोरखच्या अंगावरनं जायची, साहेब. ह्या हितनं." आणि तिने आपल्या कोपराला हात लावून दाखवला.

कुरणाच्या मध्याला एक दगडी डोणी आहे, गोरखने स्वतः घडवलेली. आक्काबाई रोज चौकीतला एक हंडा तिच्यात नेऊन ओतते. हरणे तिथे पाणी पितात. प्रेमला म्हणाली, म्हातारीचे ओझे कमी होईल, उद्यापासून हा हंडा मी नेईन. मी हो म्हणालो.

ता. २१ फेब्रुवारी

प्रेमला रोज दुपारी डोणीवर जाते. ऊन फार असते, पण तिला आवडते. तिच्या गालांवर रंग चढला आहे. जेवताना बोलते: आज दोन पाडसे आली होती, आज कारभारी दहा पावलांवर उभा राहिला. माझ्यापासून पाचशे पावले आणि तिच्यापासून दहा.

एक गोष्ट या वहीत लिहून टाकतो. नगरला आमच्या शेजारी एक शिक्षक राहत. ते प्रेमलाला वाचायला पुस्तके देत. याहून जास्त काही नाही. पण ती पुस्तक वाचताना मधेच थांबून भिंतीकडे बघायची, आणि पलीकडच्या खोलीत तो माणूस खोकला तरी मी हातातले काम सोडून तिच्या तोंडाकडे बघायचो. मी बदली मागितली ती त्याकरता. तिला सांगितले, हवा चांगली आहे. इथे अर्ध्या मैलात कुणी पुरुष नाही, हे मी आधी विचारून घेतले होते.

ता. २ मार्च

आज पहिला गुन्हा धरला. बंदी लागू होऊन दुसराच दिवस.

सकाळी दहाच्या सुमारास सोंडेवर कुणी हलताना दिसले. मी ओढ्याच्या अंगाने वळसा घातला. शेवटी रांगत गेलो, दोन्ही गुडघे फुटले. माणूस ठासणीची बंदूक रोखून बसला होता, समोर कळप. मी मागून झडप घातली आणि त्याची मानगूट धरली. बंदूक हिसकावली. भीमा नाव त्याचे, लांबच्या कुठल्या वाडीचा. त्याला चावडीवर आणला, पंचनामा केला, बंदूक मुद्देमाल म्हणून चौकीत आणून ठेवली. तिच्यात दारू-छर्रे ठासलेले आहेत तसेच आहेत.

पंचनाम्यात एक अडचण आली. भीमा म्हणत होता, त्याला दोघांनी धरले. एक खाकी कोटातला, म्हणजे मी. दुसऱ्याच्या खांद्यावर घोंगडी होती आणि तो डावा पाय ओढत आला. त्यानेच आधी हात धरला, नाहीतर चाप ओढला गेला असता. मी म्हणालो, तिथे दुसरे कुणी नव्हते. तो रडू लागला आणि म्हणाला, "मनगाट बघा की मग." त्याच्या मनगटावर बोटांचे पाच वण होते. मी मनगट धरलेच नव्हते.

मी ते पंचनाम्यात लिहिले नाही.

ता. ४ मार्च

गावात बातमी पसरली आहे. मी वाटेने जातो तेव्हा लोक उठून उभे राहतात, ते गोरखसाठी. बनुबाई म्हणून एक म्हातारी आहे, तिने माझ्यावरून मीठ ओवाळले आणि म्हणाली, गोरख तुमच्या पाठीशी आहे, आता काळजी नाही. पाटलांना विचारले, गोरख लंगडत असे काय. ते म्हणाले, "डावा पाय. विहिरीत पडल्ता लहानपनी. तुमाला कुनी सांगितलं न्हाई व्हय?"

कुणी सांगितले नव्हते.

गुडघे माझे फुटले. मी रांगत गेलो. भीती होती तरी गेलो. आणि त्या माणसाला धरला गोरखने.

घरी प्रेमलाने गुडघ्यांना हळद लावली. लावताना सहज विचारावे तसे विचारले, "ते होते ना तुमच्याबरोबर?" मी विचारले, कोण ते. ती हळद लावत राहिली. हात तिचे हलके होते. तिच्या मनात मी नव्हतो.

ता. ९ मार्च

प्रेमला नवीन आवाज काढायला शिकली आहे. ओठ मिटून, जिभेच्या टोकाने, ट्रर्र, ट्रर्र, असा. पडवीत उभे राहून तिने तो काढला, आणि कुरणातले गवत हलू लागले. वारा नव्हता. गवतातून कळप आला. पडवीपासून वीस पावलांवर येऊन उभा राहिला.

मी विचारले, हे कुणी शिकवले. मला वाटले, आक्काबाई म्हणेल.

प्रेमला म्हणाली, त्यांनीच. मी विचारले, म्हणजे कधी. ती म्हणाली, दुपारी, डोणीवर. तिच्या आवाजात लपवाछपवी नव्हती. नगरला त्या शिक्षकांविषयी विचारले की ती चिडायची, रडायची. आज चिडली नाही. म्हणाली, "अहो, ते वाईट नाहीत. बोलतही नाहीत फारसे. नुसते बसतात. मला इथे एकटे वाटत नाही इतकेच."

लग्नाच्या तीन वर्षांत तिने मला एकदाही सांगितले नव्हते की तिला एकटे वाटते.

मेलेल्या माणसाचा मत्सर करणे हास्यास्पद आहे, हे मला समजते. समजून उपयोग होत नाही.

ता. १४ मार्च

आज तिच्या मागून गेलो. बाराचे ऊन. ती हंडा घेऊन पुढे, मी शंभर पावले मागे, बाभळीआडून बाभळीआड.

तिने हंडा डोणीत ओतला आणि डोणीच्या काठावर एका अंगाला सरकून बसली. दुसऱ्याला जागा करून द्यावी तशी. मग कळप आला. माद्या, पाडसे, मागून कारभारी. त्यांनी डोणीभोवती रिंगण केले आणि सगळ्यांची तोंडे आत. पण प्रेमलाकडे नव्हे. तिच्या शेजारच्या रिकाम्या दगडाकडे. एक पाडस पुढे झाले आणि त्याने मान वर धरली, आणि त्याच्या कानामागचे केस दबले, उठले, दबले, उठले. कुणी तरी खाजवत होते. मी हे डोळ्यांनी पाहिले. भर उन्हात पाहिले.

प्रेमला त्या रिकाम्या जागेकडे तोंड करून हळू हळू काहीतरी सांगत होती. शब्द ऐकू येत नव्हते. मध्येच ती थांबली, ऐकावे तशी मान कलती केली, आणि खळखळून हसली.

मला भीती वाटायला हवी होती. भीती वाटलीच. पण भीतीच्या वर जे होते त्याचा ताप जास्त होता.

ता. १५ मार्च

तिला म्हणालो, आजपासून हंडा नेऊ नकोस. तिने विचारले, का. मी म्हणालो, मी सांगतो म्हणून. ती म्हणाली, बरे. आणि दुपारी गेली.

आक्काबाईला म्हणालो, उद्यापासून चौकीवर येऊ नका. ती म्हणाली, "मी माज्या लेकाच्या घरी येती, साहेब." आणि झाडू लागली.

मी त्या म्हातारीचा हात धरून तिला बाहेर काढले असते. पण पडवीच्या पायरीशी कारभारी उभा होता. दिवसाढवळ्या, दारात. माझ्याकडे बघत नव्हता. माझ्या मागे, खोलीच्या आत बघत होता.

ता. १७ मार्च

झाले. हातून घडले.

दुपारी प्रेमला आणि आक्काबाई गावात गेल्या होत्या, कुणाच्या तरी बारशाला. मी मुद्देमालाची बंदूक घेतली. का घेतली ते त्या वेळी मला नीट माहीत होते, आता लिहिताना नीट सांगता येत नाही. असे वाटले की हा माणूस या जनावराच्या आधाराने इथे राहतो. जनावर गेले की तोही जाईल. असे वाटले, आणि ते अगदी बरोबर वाटले.

कारभारी डोणीपाशी एकटाच होता. मला बघून पळाला नाही. मी पंधरा पावलांवर गेलो. दहा पावलांवर गेलो. पाचशे पावलांवरून पळणारे जनावर आज थांबून राहिले, आणि क्षणभर मला वाटले, अखेर ओळखले, अखेर मलाही— तेवढ्यात त्याने मान किंचित वळवली आणि माझ्या शेजारी, माझ्या डाव्या हाताला, बघितले. प्रेमळपणे बघितले.

मी चाप ओढला.

एकाच बाराने खाली बसला. पाय दुमडून, गाय बसते तसा. मग मान टेकली.

ओढ्याच्या घळीत ओढत नेला, वर दगड रचले. बंदूक पुसून जागेवर ठेवली. बंदीच्या महिन्यात, परवान्यावाचून. हा कायदा मी स्वतः चावडीवर वाचून दाखवला होता.

ता. १८ मार्च

प्रेमलाने चहा दिला. तिने पेला खाली ठेवला तो माझ्यापासून जरा लांब.

आक्काबाई सकाळी आली, हंडा उतरवला, आणि विचारले, "लई वेळ लागला का त्याला जायला?" मी नाही म्हणून बसलो, मग विचारले, कुणाला. ती म्हणाली, "मंग बरं झालं." आणि निघून गेली.

कळप कुरणात आहे. आज मी बाहेर पडलो तर पळाला नाही. शंभर पावलांवरून माझ्याकडे बघत राहिला. सगळे एकदम. इतके दिवस मला हेच हवे होते.

ता. २० मार्च

गुन्ह्यांचे बुक उघडले. भीमाचा लिहिलेला गुन्हा वर पाठवायचा राहिला होता. त्याच्या खाली आणखी एक गुन्हा लिहिलेला आहे.

अक्षर माझे नाही. मोठे, वाकडे, चौथी शिकलेल्याचे. तारीख १७ मार्च. जागा, डोणीजवळ. काळवीट नर एक, बंदीच्या काळात. आरोपीचे नाव, नृसिंह वामन निसळ. हुद्दा, फॉरेस्टर.

खाली तीन पंच. सहादेव पाटलाचा अंगठा. आक्काबाईचा अंगठा. तिसरी सही आहे. सौ. प्रेमला निसळ.

पान फाडले, चुलीत घातले.

तिला विचारले. तिने भांडी घासणे थांबवले नाही. म्हणाली, "त्यांनी विचारले, मी पाहिले होते का. मी म्हणाले, नाही पाहिले, पण खरे आहे. मग त्यांनी सही मागितली."

मी विचारले, तू माझी बायको ना?

तिने भांडे पालथे घातले आणि म्हणाली, हो.

ता. २१ मार्च

पान पुन्हा आहे. तेच अक्षर. तेच अंगठे.

ता. २२ मार्च

पाटलांकडे गेलो. अंगठा तुमचा का, असे सरळ विचारले. म्हणाले, "व्हय. तेरवा दुपारी गोरख आल्ता. मी ओट्यावर बसल्तो. त्याला कंदी न्हाई म्हनलो न्हाई, आता काय म्हनू?" कालच्या पाहुण्याविषयी सांगावे तसे सांगितले.

मी म्हणालो, गुन्हा असेल तर रेंजरसाहेबांना कळवा. मी कबूल करतो. होईल ती शिक्षा घेतो. हे बोलताना मला हलके वाटले. सरकारची शिक्षा मला ठाऊक आहे, तिला कलम आहे.

पाटील म्हणाले, ते सरकारचे झाले. गोरखचे वेगळे होते. विचारले, काय वेगळे. ते डोंगराकडे बघत म्हणाले, "काय न्हाई. मारायचा न्हाई, शिवी द्यायचा न्हाई. ज्यानं जनावर मारलं त्याला कुरनात न्यायचा, कळपाम्होरं उभा करायचा. दिस मावळंस्तवर. नुसतं उभं ऱ्हायचं. त्यांनी बघायचं."

मी विचारले, मग.

"मंग काय न्हाई. घरी जायचं."

मग म्हणाले, "दोगं गेले न्हाईत घरी. तितंच बसून ऱ्हायले. आमी उचलून आनले. पुन्यांदा काई बोललेच न्हाईत."

ता. २३ मार्च, तिसगाव, मोटारस्टँड

पहाटे न सांगता निघालो. पायी. मला वाटले होते वाट अडवली जाईल. नाही अडवली. कळप वाटेवर होता, दोन्ही अंगाला झाला. मधून गेलो. कोपर जरा बाहेर काढले असते तर हरणे त्याला लागली असती.

कुणी थांबवत नाही. तो मला थांबवत नाही. त्याला मी नकोच आहे.

नगरची मोटार लागली आहे. आत बसून लिहितो. सुटायला दहा मिनिटे. कंडक्टर विचारतो, एकटेच का. एकटाच.

एकटाच. आणि ती तिथे. पडवीत. दुपार होईल, हंडा घेईल. काठावर सरकून बसेल. आता कुणी बघायलाही नाही. आता तिला लपून— ती कधी लपलीच नाही. आता त्याला सगळे घर, सगळे कुरण, आणि—

मी उतरतो आहे.

ता. २४ मार्च, सकाळ

काल ऊन कलताना परतलो. चौकीत कुणी नव्हते. पाटा धुऊन उभा करून ठेवलेला. चूल सारवलेली.

ती आली. मला बघून दचकली नाही. म्हणाली, "तुम्ही गेला होता ना? ते म्हणाले, जाऊ दे त्यांना, सुटले." तिच्या आवाजात थोडी कीव होती. माझी कीव. त्याने तिला माझी कीव करायला शिकवले.

सुटले म्हणाला. त्याने सोडले मला. मी त्याच्याकडून सुटणार नाही. मी माझ्या पायांनी जाणार. उभा राहणार. दिवसभर. सबंध कळपासमोर, तिच्यासमोर. मग तिने सांगावे, तिचा नवरा कोण.

कुरणात. दुपार

उभा आहे. पेन्सिलने. वही डाव्या हातावर.

आली सगळी. रिंगण. मी मध्ये. इतक्या जवळ की श्वास ऐकू येतो. डोळे मोठे, ओले. राग नाही त्यांच्यात. राग असता तर बरे—

बसायचे नाही. जे बसले ते—

प्रेमला आली. हंडा नाही आज. रिंगणाच्या बाहेर उभी. मला बघते आहे. नीट बघते आहे. तीन वर्षांत पहिल्यांदा—

ऊन डोक्यावर. डोळे मिटले तरी डोळे दिसतात. त्यांचे. सत्तर जोड्या. घळीतलाही एक. तो रिंगणात आहे, मागच्या ओळीत, पोटावर रक्त वाळलेले— नाही, त्याच्यावर दगड रचले मी, मीच—

मोजू नये. लिहीत राहावे. लिहिले की उभे राहता येते.

सावली लांबली. थोडेच राहिले. मी बसलो नाही. तिने बघितले आहे की मी बसलो नाही. ती पुढे येते आहे. कळप तिला वाट देतो. ती हसते. हात वर केला तिने. मीही केला— प्रेमला, मी इथे—

माझ्याकडे नाही. माझ्या खांद्यावरून. माझ्या मागे गवत मोडते. एक पाऊल. मग एक ओढलेले. एक पाऊल. मग—

मी वळणार नाही. वळलो तर ती त्याच्याकडे कशी बघते ते मला